‘चेंबर ऑफ सीक्रेट्स’ नेमका किती मिनिटांचा? १५४, १६१ की १७४?

हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेचं चित्रीकरण २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं आणि जुने आठ चित्रपट घरोघरी पुन्हा लागायला लागले. स्ट्रीमिंगवर चित्रपट आज असतो, उद्या नसतो. म्हणून बरेच जण डिस्क शोधतात. आणि तिथंच घोळ सुरू होतो. मालिकेतला दुसरा चित्रपट, ‘हॅरी पॉटर अँड द चेंबर ऑफ सीक्रेट्स’, शोधायला गेलात तर एका डिस्कच्या पाठीवर १५४ मिनिटं, दुसऱ्यावर १६१ आणि तिसऱ्यावर १७४ लिहिलेलं सापडतं. एकावर ‘वाइडस्क्रीन’, एकावर ‘फुलस्क्रीन’. कुठं रीजन १ (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालते त्याचा आकडा), कुठं रीजन २, कुठं ५. चित्रपट एकच आहे ना?

आहे, पण डिस्कवर उतरताना प्रत्येक वेळी त्याचं काहीतरी बदललेलं आहे. हे बदल कसे होतात ते कळलं, की डिस्कच्या पाठीवरचे तीन-चार आकडे वाचूनच आत काय आहे ते ओळखता येतं.

आधी मिनिटांचा हिशोब

ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नोव्हेंबर २००२ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याची लांबी १६१ मिनिटं. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेत त्याची डीव्हीडी आणि व्हीएचएस कॅसेट निघाली. डीव्हीडी दोन डिस्कची होती. पहिल्या डिस्कवर चित्रपट, दुसरीवर वगळलेली दृश्यं आणि इतर मसाला. पुढं डिसेंबर २००९ मध्ये ‘अल्टिमेट एडिशन’ आली. तिच्यात वगळलेल्या दृश्यांपैकी बरीचशी चित्रपटातच जोडून दिली आणि लांबी १७४ मिनिटांवर गेली. बोर्गिन अँड बर्क्सच्या दुकानात हॅरी कपाटात लपलेला असताना मालफॉय बापलेक आत येतात, तो प्रसंग या लांब आवृत्तीत पाहायला मिळतो.

म्हणजे १६१ आणि १७४ हे खरोखरच दोन वेगळे चित्रपट आहेत. १५४ मात्र वेगळी आवृत्ती नाही. त्यात एकही दृश्य कमी नाही, सेन्सॉरनं कात्रीही लावलेली नाही. चित्रपट फक्त जोरात पळतोय.

सात मिनिटं गेली कुठं?

चित्रपट म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. चित्रपटगृहात सेकंदाला २४ फ्रेम दाखवतात. आपल्याकडची आणि युरोपातली जुनी टीव्ही पद्धत म्हणजे ‘पाल’. ती सेकंदाला २५ फ्रेमवर चालते. २४ चे २५ करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पूर्ण चित्रपटच चार टक्क्यांनी जोरात पळवणं. १६१ मिनिटांना २४ नं गुणा आणि २५ नं भागा. उत्तर येतं साधारण साडेएकशेचौपन्न मिनिटं.

चित्रातला हा वेग बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. आवाज मात्र चढतो. हार्मोनियमवरच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं जे अंतर असतं, त्याच्या सुमारे सत्तर टक्के. कान तयार असलेल्या माणसाला जॉन विल्यम्सची ओळखीची धून ‘पाल’ डीव्हीडीवर किंचित वरच्या पट्टीत वाजताना लगेच कळते. काही कंपन्या आवाजाची पट्टी संगणकावर पुन्हा खाली आणतात, पण सगळ्या आणत नाहीत. या चित्रपटात रिचर्ड हॅरिस यांनी मुख्याध्यापक डंबलडोरची भूमिका शेवटची केली. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी, २५ ऑक्टोबर २००२ रोजी, ते गेले. त्यांचा तो खर्जातला, थकलेला आवाज मूळ पट्टीत ऐकणं याला माझ्या लेखी मोल आहे.

अमेरिका आणि जपानची ‘एनटीएससी’ पद्धत सेकंदाला सुमारे ३० फ्रेमची. तिथं चित्रपट पळवत नाहीत. काही फ्रेमचे भाग आलटून-पालटून दोनदा, तीनदा दाखवून बेरीज जमवतात. त्यामुळं लांबी १६१ च राहते, पण कॅमेरा हळूहळू एका बाजूनं दुसरीकडं फिरतो तेव्हा चित्र बारीक हिसके देतं. ब्ल्यू-रे आणि ४के या डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त तपशिलाच्या डिस्कवर हा प्रश्नच नाही. तिथं मूळचे २४ फ्रेम जसेच्या तसे असतात.

म्हणून हिशोब असा लावा. डीव्हीडीवर १५४-१५५ म्हणजे ‘पाल’, मूळ आवृत्ती. १६१ म्हणजे मूळ आवृत्ती, एनटीएससी डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे. १६७ च्या आसपास म्हणजे लांब आवृत्ती ‘पाल’वर. १७४ म्हणजे लांब आवृत्ती मूळ वेगात.

काळ्या पट्ट्या म्हणजे चित्र कापलेलं का?

उलट आहे. काळ्या पट्ट्या दिसतात तेव्हाच चित्र पूर्ण असतं.

हा चित्रपट उंचीच्या जवळजवळ २.४ पट रुंद आहे. जुना टीव्ही उंचीच्या १.३३ पट रुंद होता, आजचा १.७८ पट आहे. इतकं रुंद चित्र या चौकटीत पूर्ण बसवायचं तर वर-खाली जागा रिकामी राहणारच. २००३ मध्ये बऱ्याच घरांत जुने चौकोनी टीव्ही होते आणि ‘पट्ट्या नकोत’ म्हणणारं गिऱ्हाईक मोठं होतं. म्हणून अमेरिकेत याची ‘फुलस्क्रीन’ डीव्हीडी वेगळी विकली गेली. लग्नातला तीस जणांचा आडवा ग्रुप फोटो चौकोनी फ्रेममध्ये घालायला दोन्ही कडा कापाव्यात, नवरानवरी राहावीत आणि काठावरच्या आत्या-मावश्या जाव्यात, तसा हा प्रकार. नुसत्या कडा कापून चौकोन भरायचा तर रुंदीतला सुमारे ४४ टक्के भाग जातो.

काही चित्रपटांत मूळ फिल्मवर वर-खाली थोडं जास्तीचं चित्र टिपलेलं असतं. मग ते उघडून आणि कडा कमी कापून मधला मार्ग काढतात. पण संगणकावर बनवलेली दृश्यं बहुधा रुंद चौकटीपुरतीच तयार केलेली असतात, त्यामुळं कात्री नेमकी तिथंच जास्त लागते. या चित्रपटात डॉबी आहे, उडणारी फोर्ड अँग्लिया आहे, कोळ्यांचं जंगल आहे. म्हणजे पाहायचं ते सगळं अशाच दृश्यांत. जुन्या बाजारात ‘फुलस्क्रीन’ डिस्क स्वस्तात मिळते. घेऊ नका.

वाइडस्क्रीन डीव्हीडी लावूनही चित्र लांबुळकं किंवा चपटं दिसलं, तर चूक बहुतेक वेळा प्लेयरच्या सेटिंगची असते. डीव्हीडीवर रुंद चित्र आडवं दाबून साठवतात आणि दाखवताना प्लेयर ते पुन्हा ताणतो. या पद्धतीला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. पाठीवर ‘एनहान्स्ड फॉर १६:९’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्लेयरच्या मेनूत ‘टीव्ही टाइप’ ४:३ राहिलेला असेल तर तो १६:९ करा. टीव्हीवरचा ‘झूम’ बंद करा, आणि ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असेल तर तो चालू करा; नाहीतर टीव्ही चारही कडांचा थोडा भाग परस्पर गिळतो.

चित्रात तपशील किती उरतो?

काळ्या पट्ट्या वगळून प्रत्यक्ष चित्राला किती ठिपके मिळतात ते पाहिलं की फरक स्पष्ट होतो.

आपल्याकडं एकेकाळी व्हीसीडीचं राज्य होतं. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून एवढा लांब चित्रपट तीन डिस्कवर जायचा आणि दोनदा उठावं लागायचं. व्हीसीडीची पूर्ण चौकट ३५२ बाय २८८ ठिपक्यांची. रुंद चित्र पट्ट्यांसह त्यात बसवलं की उभे जेमतेम १६० ठिपके उरतात. एकूण सुमारे ५६ हजार. ‘पाल’ डीव्हीडीत हाच आकडा तीन लाखांच्या घरात जातो, ब्ल्यू-रेवर पंधरा लाखांच्या आणि ४के डिस्कवर एकसष्ट लाखांच्या.

पण ठिपके म्हणजे सर्वस्व नव्हे. चित्र साठवायला दर सेकंदाला किती माहिती मिळते, म्हणजे बिटरेट, तोही तितकाच महत्त्वाचा. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात. १६१ मिनिटांना भागलं तर आवाज धरून सेकंदाला सरासरी सात मेगाबिट येतात. हे बरं आहे. पण वगळलेली दृश्यं, मुलाखती, खेळ हे सगळं त्याच डिस्कवर कोंबलं असतं तर चित्राच्या वाट्याला कमी आलं असतं. दुसरी डिस्क त्यासाठी होती. फुटपाथवर मिळणाऱ्या ‘पाच चित्रपट एका डिस्कवर’ या मालाचा हिशोबही इथंच लागतो. तेवढ्याच साडेआठ जीबीत अडीच-अडीच तासांचे पाच चित्रपट म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिट. दिवसाउजेडीचं स्थिर दृश्य त्यात कसंबसं निभावतं, पण निषिद्ध जंगलात रात्री शेकडो कोळी एकदम हलू लागले की अंधारात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. धूर, पाणी, पाऊस आणि काळोख हे चार प्रकार माहिती खातात, आणि या चित्रपटात चारही आहेत.

‘माझा टीव्ही डीव्हीडीचं ४के करतोच की’

करतो. त्याला अपस्केलिंग म्हणतात. टीव्ही दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजानं नवे ठिपके भरतो. कडा गुळगुळीत होतात, पण जो तपशील डिस्कवर नाहीच तो टीव्ही आणणार कुठून? हॅग्रिडच्या कोटाची वीण किंवा ग्रेट हॉलच्या भिंतीवरचा दगडाचा पोत डीव्हीडीवर पुसट झाला असेल तर तो पुसटच राहतो. ५५ इंची टीव्ही सात-आठ फुटांवरून पाहणाऱ्याला डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेमधला फरक सहज दिसतो. ब्ल्यू-रे आणि ४के यांच्यातला तितका सहज दिसत नाही.

मग ४के डिस्क घ्यावी का?

मालिकेतल्या पहिल्या चार चित्रपटांच्या ४के डिस्क नोव्हेंबर २०१७ मध्ये आल्या. ४के डिस्कचं खरं बळ एचडीआरमध्ये आहे. एचडीआर म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागांमध्ये जास्त अंतर ठेवून साठवलेलं चित्र. मेणबत्त्यांचा उजेड, छडीतून निघणारी ठिणगी, तळघरातल्या ओल्या फरशीवरची चमक यांना त्यातून उठाव येतो. या डिस्कवर आवाजही डीटीएस:एक्सचा आहे. तो छतावरच्या स्पीकरचाही वापर करतो.

तीन गोष्टी मात्र आधी तपासा. पहिली टीव्हीची. ज्या टीव्हीच्या उजेडाची कमाल ३०० निटच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) आसपास आहे, त्यावर एचडीआर चित्र उलट मंद दिसतं, आणि हा चित्रपट उत्तरार्धात बराच काळोखा आहे. अशा टीव्हीवर साधी ब्ल्यू-रे जास्त चांगली दिसू शकते. दुसरी जोडणीची. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टला केबल लावलीय, त्याचं ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ सेटिंग बऱ्याच टीव्हींवर मुळात बंद असतं. ते चालू केल्याशिवाय एचडीआर पोचतच नाही. केबल जुनी असेल तर चित्र मधूनच जाऊन येतं. अशा वेळी १८ जीबीपीएसची प्रमाणित केबल घ्या. तिसरी गोष्ट आवृत्तीची. डिस्कवर १६१ मिनिटांची आहे की १७४ ची, ते पाठीवर पाहून घ्या. लांब आवृत्ती २००९ च्या ब्ल्यू-रेवर आहे.

माझा सल्ला विचाराल तर बहुतेक घरांसाठी ब्ल्यू-रे पुरेशी आहे, आणि १७४ मिनिटांचीच हवी असा हट्ट धरू नये. जोडलेली दृश्यं एकेकटी छान आहेत, पण आधीच लांब असलेल्या चित्रपटाचा मधला भाग त्यांनी आणखी सैल होतो. पुस्तक पाठ असलेल्यांनी मात्र ती जरूर पाहावी.

कोणतीही डिस्क लावा, टीव्हीची हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. एलजीवर तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस. ती चालू असली की टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या बनवतो आणि क्विडिचचा सामना क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणासारखा सपाट दिसायला लागतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडा. बाकीचं तो बघतो.

रीजन कोड: परदेशातून आणलेली डिस्क चालेल का?

डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग केलेले आहेत. अमेरिका १, ब्रिटन-युरोप, जपान आणि आखाती देश २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. प्लेयर आपल्या विभागाचीच डिस्क वाचतो, अर्थात तो ‘मल्टी-रीजन’ नसेल तर. न्यू जर्सीहून भाचीनं पाठवलेली डीव्हीडी इथल्या प्लेयरमध्ये ‘चुकीचा रीजन’ दाखवून बाहेर येते, ती म्हणून. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. शेवटचा निवडलेला कायमचा राहतो. गंमत म्हणून बदलून पाहू नका.

ब्ल्यू-रेचे विभाग तीनच, ए, बी आणि सी. अमेरिका ‘ए’त, युरोप ‘बी’त, भारत ‘सी’त. हे चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या ब्ल्यू-रे सहसा सगळीकडं चालतात, तरी घेण्यापूर्वी खोक्यावरचं षटकोनी चिन्ह पाहा. ४के डिस्कना रीजनच नाही. परदेशातून मागवायचीच तर तिच्यात ही कटकट नसते. हिंदी आवाज हवा असेल तर पाठीवरचा ‘ऑडिओ’ रकाना वाचल्याशिवाय घेऊ नका. तो प्रत्येक देशाच्या डिस्कवर नसतो.

डीव्हीडी नेमकी मध्येच का अडकते?

जुन्या डीव्हीडी बऱ्याचदा सुरुवात नीट करतात आणि निम्म्या चित्रपटाला थबकतात. याला कारण आहे. दोन थरांच्या डीव्हीडीवर लेझर पहिला थर आतून बाहेर वाचत जातो. बाहेरच्या कडेला पोचला की तो दुसऱ्या थरावर नेम धरतो आणि बाहेरून आत परत येतो. म्हणजे चित्रपटाचा मध्य डिस्कच्या अगदी कडेजवळ येतो, आणि बोटांचे डाग, ओरखडे, वाकणं यांचा मार सर्वांत जास्त कडेलाच बसतो. थर बदलताना क्षणभर चित्र थांबणं हा दोष नाही. तिथून पुढं गेलंच नाही, तर डिस्क पुसा.

पुसायची कशी? मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडं सरळ रेघेत. गोल-गोल कधीही नाही. माहिती डिस्कवर गोलाकार मांडलेली असते आणि थोडी माहिती गेली तर प्लेयर आजूबाजूच्या माहितीवरून ती भरून काढतो. उभी रेघ पडली तर प्रत्येक फेरीत थोडंसंच जातं. गोल रेघ पडली तर सलग मोठा तुकडा जातो, आणि तो भरून निघत नाही.

ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळायचा उपाय ऐकलेला असेल. डीव्हीडीची माहिती पृष्ठभागाच्या ०.६ मिलिमीटर खाली असते, त्यामुळं तिथं एखाद वेळी तो निभावून जातो. ब्ल्यू-रेची माहिती फक्त ०.१ मिलिमीटर खाली असते. तिच्यावर कडक लेप असतो. तो घासून काढलात तर डिस्क गेली.

डिस्क स्वच्छ असूनही वाचत नसेल तर कदाचित आतूनच बिघडलेली असते. डीव्हीडी म्हणजे दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या. डिंक नीट नसेल तर आतला धातूचा थर हळूहळू खराब होतो. २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या काही डीव्हीडींमध्ये असा दोष आढळल्याचं वॉर्नरनं २०२५ मध्ये मान्य केलं. त्या काळातला संच विकत घेत असाल तर नुसतं मेनूपर्यंत नव्हे, मधल्या आणि शेवटच्या प्रसंगांपर्यंत चालवून बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात डिस्क डब्यात उभ्या ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, आणि वर कागदी लेबलं चिकटवू नका. कॅसेटना याची गरज आणखी जास्त. दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी येते आणि तशीच चालवली तर ती प्लेयरच्या हेडलाही लागते.

‘स्ट्रीमिंग असताना एवढा खटाटोप कशाला?’

सोयीच्या बाबतीत डिस्क हरते, यात वाद नाही. पण ४के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात आणि नेट मंदावलं की तेही घटतात. साधी ब्ल्यू-रे नुसत्या चित्रासाठी ४० पर्यंत जाऊ शकते. शिवाय ऑनलाइन ‘विकत’ घेतलेला चित्रपट म्हणजे पाहण्याचा परवाना असतो, आणि तो मागं घेतला जाऊ शकतो. हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायद्यानं बंधनकारक झालं आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. श्रेयनामावली सुरू होताच बरीच अ‍ॅप चित्र आक्रसून पुढचा चित्रपट सुचवतात. या चित्रपटात श्रेयनामावली संपल्यावर एक प्रसंग आहे. पुस्तकांच्या दुकानाच्या खिडकीत चित्रपटातल्या बढाईखोर लेखक-शिक्षक लॉकहार्टचं नवं पुस्तक झळकतं, ‘हू अ‍ॅम आय?’. अनेकांनी तो वीस वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

प्लेयरच मिळेनासे झाले तर?

ही भीती अनाठायी नाही. ओप्पोनं २०१८ मध्ये प्लेयर बनवणं थांबवलं आणि २०१९ मध्ये सॅमसंग नवे प्लेयर आणण्यातून बाहेर पडलं. सोनी आणि पॅनासॉनिक अजून आहेत. घरात डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स असेल तर वेगळा प्लेयर नको. डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि ४के तिन्ही त्यात चालतात. प्लेस्टेशन ४ वर, अगदी प्रो मॉडेलवरही, ४के डिस्क चालत नाही, ब्ल्यू-रे चालते. संगणकावर ४के डिस्क चालवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी लागणारी सुरक्षा-सोय इंटेलनं आपल्या नव्या डेस्कटॉप आणि लॅपटॉप प्रोसेसरमधून काढून टाकली आहे. वापरलेला प्लेयर घेताना दोन थरांची एखादी डीव्हीडी सोबत न्या आणि सव्वा तासाच्या पुढं उडी मारून बघा. लेझर थकलेला असेल तर तो बहुधा तिथंच अडखळतो.